लुगडं आमच्या सेवेत बसत नाही

अनुसयाबाईंवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेबाराला, हडपसरच्या गावठाणात, त्यांच्या स्वतःच्या बंगल्याच्या हॉलमध्ये. अन्याय करणारे तिघे होते: त्यांचा मुलगा बाळासाहेब, आमच्या ब्यूरोचा निखिल आणि आमच्या ब्यूरोची प्रश्नावली. अनुसयाबाई स्वतः तिथे नव्हत्या. त्या आतल्या खोलीत होत्या आणि त्यांनाही काही विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नावं मी बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

संपादकांनी फोनवर बजावलंय, "अनुभव लिहा, पत्रक लिहू नका." त्यांचंही बरोबर आहे. कॉलेजात असल्यापासून मी घरकामगार बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहीत आले. 'जाहीर निषेध' म्हटल्याशिवाय माझा परिच्छेद सुरू होत नसे. तर निषेध बाजूला ठेवते. जमेल तेवढा वेळ.

आधी माझं काम सांगते, कारण माझ्या सख्ख्या मावशीलाही वाटतं की मी पेशंटना इंजेक्शनं देते. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला घरी बाई किंवा माणूस पाठवणारे ब्यूरो पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एका ब्यूरोत मी पाहणीचं काम करते. ऑफिसात त्याला असेसमेंट म्हणतात. बाई पाठवण्याआधी घरी जायचं आणि आजी-आजोबा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय आपलं आपण करतात, कशाला हात द्यावा लागतो, काय मुळीच जमत नाही, ते बघायचं. आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवीवरचा ताबा, जेवण. प्रत्येकापुढे तीन चौकोन: स्वतः, मदतीने, जमत नाही. त्यावरून ठरतं की बाई हवी का, किती वेळ हवी, आणि शिकलेली हवी की साधी चालेल.

ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच, की ज्याची पाहणी करायची तो माणूस सोडून बाकी सगळे उत्तरं देतात. मुलगा देतो, सून देते, शेजारच्या काकू चहाला आलेल्या असतात त्याही देतात. खराडीतल्या एका चिरंजीवांनी स्वतः ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ओव्हरऑल आई किती पर्सेंट इंडिपेंडंट आहे?" मी म्हटलं, "तुम्ही किती टक्के आहात, अंदाजे?" ब्यूरोकडे तक्रार गेली. माझ्याबद्दलच्या तक्रारी आमच्याकडे बऱ्यापैकी नियमित येतात.

आणि म्हातारी माणसं स्वतः बोलली, तर खरं बोलतील असंही नाही. कोथरूडला एक निवृत्त प्राध्यापक होते. एकटेच राहायचे. मी विचारलं, "आंघोळ आपली आपण करता ना सर?"

चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाही. महापालिकेचा माणूस येतो."

"बाथरूम दाखवाल का?"

"का? विकत घेताय?"

शेवटी दाखवली. बादली पालथी, कोरडी ठणठणीत. साबणाला भेगा पडलेल्या. नळाच्या तोटीवर कोळ्याने संसार मांडलेला. आणि सर बाहेर पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. फरशीवर एकदा पाय घसरला होता, तेव्हापासून आत जायची भीती बसली होती. पण ते सांगण्यापेक्षा माझी टर उडवणं त्यांना सोपं वाटलं. त्या दिवसापासून मी हॉलमध्ये बसून प्रश्न विचारणं सोडलं. आधी बाथरूम बघते, मग माणूस, मग चहा.

हे सगळं मी निखिलला सांगितलं होतं. निखिल वाईट पोरगा नाही. त्याला फक्त पुढच्या पाहणीला पोचायचं असतं.

अनुसयाबाईंना घरात सगळे आक्का म्हणतात. हे मूळचं शेतकरी कुटुंब. त्यांच्या उसाच्या रानावर आता आयटीवाल्यांच्या इमारती आहेत. गावठाणात चार मजली बंगला आहे, वरचे मजले भाड्याने दिलेले. बाळासाहेबांची बायको वारली. मुलगा बांधकामाच्या साइटवर असतो आणि सून सारिका, म्हणजे आक्कांची नातसून, खराडीत एका कंपनीत नोकरी करते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आक्कांना चिकनगुनिया झाला. त्या बऱ्या झाल्या, पण जेवण कमी झालं. ब्यूरोला फोन केला तो सारिकाने. पाहणीच्या वेळी मात्र ती कामावर होती. सोफ्यावर होते बाळासाहेब.

"कपडे स्वतः घालतात?" निखिलने विचारलं.

"घालती की! गाऊन स्वतः अडकवती."

स्वतः.

"संडासला?"

"खोलीला अटॅच हाय. स्वतः जाती."

स्वतः.

"जेवण?"

"ताट नेऊन दिलं की खाती स्वतःच्या हातानं."

स्वतः. निखिलने खाली लिहिलं की सध्या मदतीची गरज नाही. चहा प्यायला आणि निघाला. यात खोटं कुणीच बोललेलं नाही. त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरतं. खोटं निदान पकडता तरी येतं.

शिमगा झाल्यावर बाळासाहेबांचा फोन आला. "आता चोवीस तासाची बाई द्या. म्हातारी चालंना, जेवंना. आन डोकंबी फिरलंय. येवढ्या उन्हाळ्यात टॉवेल पांघरून बसती." बेडपॅन आणि डायपरचा गठ्ठा त्यांनी आधीच आणून ठेवला होता. बाळासाहेब आईवर खर्च करायला कधीच मागे हटत नाहीत. आईला काही विचारायला तेवढे हटतात.

या वेळी मी गेले. बाळासाहेबांनी सोफ्याकडे हात केला. मी म्हटलं, "मला आक्कांशी बोलायचंय. एकटीशी."

"अवो मॅडम, तिला काय सांगता येतंय? मी सांगतो की."

"साहेब, पाहणी तुमची आहे का? तुम्हाला संडासला कुणी नेतं?"

सारिका त्या दिवशी घरी होती. ती तोंडाला ओढणी लावून स्वयंपाकघरात पळाली.

आक्का पलंगावर बसल्या होत्या. अंगात गुलाबी फुलाफुलांचा गाऊन. डोक्यावरून छातीपर्यंत पांढरा टॉवेल. "या. बसा. च्या घेतला का?" म्हणाल्या. डोकं ठिकाणावर आहे हे तिथेच कळलं. मी आपली कामाला लागले. उठून दाखवा म्हटलं, उठल्या. खिडकीपर्यंत गेल्या, भिंतीला हात लावत हळूहळू बाथरूमला जाऊन आल्या. पाय अशक्त होते, पण चालत होते.

"आता हॉलमध्ये जाऊ."

दारापर्यंत आल्या, चौकट धरली आणि उभ्या राहिल्या. "पाय दुखत्यात."

"आत्ता तर दुखत नव्हते."

"आत्ता दुखाया लागले."

"अहो आक्का, जरासंच जायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ढ मुलीकडे बाई बघतात, तसं. "बाहेर कोन बसलंय?"

मी डोकावले. एक धोतरवाले आजोबा पेपर वाचत होते.

"मधल्या आळीचं भाऊजी. चुलत दीर माझं. रोज पेपर वाचाया येत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्येंच्या म्होरनं ह्या झग्यात जाऊ व्हय मी? लाज हाय का न्हाय?"

तो टॉवेल म्हणजे पदर होता. गाऊनला पदर नसतो, म्हणून त्यांनी टॉवेलचा केला होता, आणि घर म्हणत होतं म्हातारीचं डोकं फिरलंय.

लग्न झाल्यापासून ही बाई नऊवारी लुगड्याशिवाय उंबऱ्याबाहेर आलेली नाही. दवाखान्यात गाऊन चढवला, घरी आल्यावर तो सोयीचा म्हणून तसाच राहिला, सारिकाने आणखी चार आणले. मी विचारलं, "मग लुगडं का नेसत नाही?" त्यांनी हात पुढे केले. चिकनगुनियाने बोटं अशी धरली होती की मूठ वळत नव्हती. खांदा मागे जात नव्हता. "निऱ्या धरता येईनात. कासुटा मागं खोचाया हात पोचंना."

बस, एवढंच होतं. लुगडं नाही म्हणून हॉल नाही. हॉल नाही म्हणून ओटा नाही, देवळातलं भजन नाही, शेजारणी नाहीत. खोलीतच बसून पाय गेले. एकटीने ताटाशी बसून जेवण गेलं. डॉक्टरांनी भूक लागायचं औषध दिलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी पॅसेजमधून फेऱ्या मारायला सांगितलं, आक्कांनी मारल्या नाहीत, म्हणून 'पेशंट ऐकत नाही' असा शेरा पडला. आणि आमच्या प्रश्नावलीत कपड्यांपुढे लिहिलेलं होतं: स्वतः.

"आक्का, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? ल्योकाला सांगू, मला लुगडं नेसीव म्हणून?"

हो, माझा राग आक्कांवरही आहे. इतके महिने गप्प बसल्या. आपल्याकडच्या बायका देवळाच्या कमिटीशी भांडतील, भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडतील, आणि स्वतःच्या अंगावरच्या कापडासाठी तोंड उघडणार नाहीत. सारिका दारात येऊन उभी होती. "आज्जी, मला तरी बोलायचं ना!"

"तू कवा असती घरात?"

सारिकाला ते लागलं. ती तिच्या खोलीत गेली आणि स्वतःची नऊवारी घेऊन आली. पाडव्याच्या शोभायात्रेला मुली घालतात तसली, शिवलेली, चेनची. आक्कांनी कमरेचं इलॅस्टिक ताणून सोडलं. "ही इजार हाय गं. घडी घाल आन ठिव."

मी ऑफिसात येऊन लिहिलं: चोवीस तासांची बाई नको. बेडपॅन नको. सकाळी लुगडं नेसवायला, दुपारी सोडायला आणि मधल्या वेळात सोबत चालायला बाई हवी. ब्यूरो चालवणारे आमचे सर वाचत वाचत थांबले.

"लुगडं?"

"हो."

"अगं, साडी नेसवणं हे पार्लरचं काम आहे. आपण केअर देतो. हे आपल्या सेवेत बसत नाही."

"सर, शर्टाची बटणं लावणं बसतं?"

"बसतं."

"पँटची चेन?"

"वाद घालू नकोस. पायात अडकून पडल्या तर? जबाबदारी कुणाची?"

"सर, त्या बाई कासोटा घालून उसाची मोळी डोक्यावर घेऊन बांधावरून चालल्यात. पायाखाली येतो तो गाऊन."

सर म्हणाले, "ते असू दे. आपल्या मुलींना येतं का नेसवता?" हे मात्र खरं होतं. आमच्याकडच्या बऱ्याच मुली वाशीम, यवतमाळकडून कामाला आलेल्या. सलवार-कुर्ता हा त्यांचा कामाचा वेष. शेवटी सर म्हणाले, "कपड्यांना मदत एवढंच लिही. डिटेल नको." म्हणजे खरी गरज कागदावर न लिहिण्याच्या अटीवर मला ती भागवायची परवानगी मिळाली. संघटनेत असं झालं असतं तर यावर एक पत्रक निघालं असतं.

मीनाला पाठवलं. ही वाशीमची, हसरी, ताकदवान. पहिल्या सकाळी मीही गेले. आक्का पलंगाचा कठडा धरून उभ्या आणि मीना हातात नऊ वार घेऊन त्यांच्याभोवती गोल गोल फिरतेय.

"मले नाही येत आजी. माह्या आजीले येत होतं."

"मंग तुझ्या आजीला आणायची! आधी गाठ मार हितं. घट. घट मार की, मी काय मोडती व्हय?"

"दुखंन ना तुमाले."

"न्हाय दुखत. आता निऱ्या घे. आगं बारीक नगं, मोठ्या घे, मला काय नाचाया जायचंय? आता मधनं घाल मागं. वढ. आजून वढ. खोच."

मीनाने खोचलं. आक्का कठडा सोडून वळल्या आणि अख्खं लुगडं सुटून पायाशी गोळा झालं. मग आक्काच हसायला लागल्या. मीना खाली बसून हसली. दुसऱ्यांदा नेसवलं ते राहिलं. एका बाजूला ढगळ होतं, पण राहिलं. आक्कांनी डोक्यावर पदर घेतला, मीनाचा हात धरला आणि बाहेर आल्या. भाऊजींनी पेपर खाली केला.

"काय वहिनी, गावाला गेलावता का?"

"व्हय. लई लांब," आक्का म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या.

मला या कामातलं फार काही मिरवता येत नाही, पण ती सकाळ मी मिरवते. पुढे उन्हाळाभर हळूहळू वाढत गेलं. आधी हॉल, मग फाटकाजवळची खुर्ची, मग समोरच्या घराचा ओटा. ताट खोलीतून स्वयंपाकघरात आलं, आणि चार माणसांत बसल्यावर भाकरी आपोआप वाढली. देवळापर्यंत मात्र जमलं नाही. खोलीत गेलेले महिने पायांनी परत दिले नाहीत. ते घटस्थापनेच्या आदल्या दिवशीच वाचले असते. त्याबद्दल आजवर कुणी आक्कांची माफी मागितलेली नाही. ना ब्यूरोने, ना घराने.

इथे मी थांबले असते तर संपादक खूश झाले असते. पण यंदा गौरी-गणपती झाले आणि बाळासाहेबांचा फोन आला. "मॅडम, बाई बंद करा."

"का?"

"आता चालती-फिरती की म्हातारी. बाईनं बसून काय करायचं?"

"साहेब, त्या बाईमुळे चालतात. चष्म्याने दिसायला लागलं म्हणून तुम्ही चष्मा काढून ठेवता का?"

"चष्मा आन बाई येक हाय का? अवो, गौरीला पै-पाहुणं आलं, सगळी इचारत्यात, बाई कशाला ठिवलीय, आजारी हाय का? घरात सून असताना? बरं दिसत न्हाय ते. घरचं करत्याल."

या 'घरच्यां'नी माझं आयुष्य खाल्लंय. पाहणीत मी विचारते, सध्या मदत कोण करतं? उत्तर येतं, "घरचे." मी म्हणते, नाव सांगा. मग एकच नाव येतं, आणि ते नेहमी बाईचं असतं. मी बाळासाहेबांना विचारलं, "घरचे म्हणजे कोण?"

"सारिका हाय की."

"तिला आठवड्याआड सकाळची शिफ्ट असते."

"बघतील त्या दोघी त्यांचं त्या."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, ग्राहक नको म्हणतोय, आपण जबरदस्ती करू शकत नाही. बरोबर आहे. सगळेच बरोबर असतात.

मीनाला दुसऱ्या दिवसापासून वानवडीत दुसरं घर दिलं. आक्कांना कुणी काही सांगितलं नाही. हे मला सारिकाने नंतर फोनवर सांगितलं. त्या दिवशी तिची सकाळची शिफ्ट होती. ती दुपारी घरी आली तेव्हा आक्का पलंगावर बसलेल्या होत्या, लुगडं मांडीवर, घडी मोडलेली. अंगात गाऊन. "मीनीला बरं न्हाय वाटतं," त्या म्हणाल्या. सारिकाला सांगवेना. संध्याकाळी बाळासाहेब आल्यावर तीच त्यांना म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा." ते म्हणाले, "कळंल की हळूहळू."

सारिका मीनाकडून नेसवायला शिकली होती. ज्या आठवड्यात तिची दुपारची शिफ्ट असते, त्या आठवड्यात ती सकाळी नेसवून जाते आणि आक्का बाहेर येतात. सकाळची शिफ्ट असली की आक्का खोलीत, टॉवेल डोक्यावर. म्हणजे आक्कांनी माणसांत यायचं की नाही, हे खराडीतल्या एका कंपनीचा टीम लीडर ठरवतो आणि त्याला हे माहीतही नाही. मधल्या आठवड्यात पाय पुन्हा आखडतात. सारिका म्हणते, दर वेळी फाटकापर्यंत पोचायला आधीपेक्षा जास्त दिवस लागतात. माझं गणित कच्चं आहे, पण हे कुठे जाणार ते मला कळतं.

बाळासाहेबांशी मी भांडून झाले. त्यांच्या घरी जाऊन, तोंडावर. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुमाला राग लवकर येतो." खरं आहे. आता राहिलात तुम्ही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर हा अंक खाली ठेवा आणि त्याच्या खोलीत जा. दार लावून घ्या. कसं वाटतंय, काय हवंय, हे विचारू नका; 'काही नको' हेच उत्तर येणार. काय करायचं सोडलंय ते विचारा आणि का सोडलं ते विचारा. उत्तराला वेळ लागेल. तोवर तुम्ही बोलू नका, त्यांच्या वतीने तर मुळीच नाही. मदतीला बाई ठेवली असेल आणि तुमची आई तिच्या जोरावर उठून बाहेर येत असेल, तर ती बाहेर येते म्हणून बाई बंद करू नका. आणि बंद करायचीच असेल, तर ब्यूरोला फोन करण्याआधी आईसमोर खुर्ची ओढून बसा, आणि उद्यापासून तिने खोलीतच राहायचंय हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा.